माझ्या पश्चात नवरी कोणाकडे राहील

॥ श्री ॥

मी, सरला दिगंबर पिंपळखरे, मूळ गाव कऱ्हाड, हल्ली मुक्काम मुलाकडे, प्लेनो, टेक्सास, शिक्षण चौथी (तीही अर्धी, कारण मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं), वय पासपोर्टावर एकाहत्तर आणि खरं काय ते माझ्या आईला ठाऊक, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, पण नेम धरताना थरथरत नाही. मला कोणी भरीला घातलेलं नाही. उलट सगळ्यांनी नको नको म्हटलं, म्हणून तर जास्तच लिहावंसं वाटलं.

येत्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे. सून सुनेत्रा म्हणाली, "आई, मोतीबिंदूसाठी कोणी मृत्युपत्र करतं का?" मी म्हटलं, मोतीबिंदूचं नुसतं निमित्त गं, हौस माझी आहे. नात पद्मिनी शाळेतून चौकशी करून आली की टेक्सासात सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं तर चालतं, वकील लागत नाही, साक्षीदारसुद्धा लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र म्हणजे वऱ्हाडाशिवाय लग्न. मी दोन बोलावले आहेत.

आमचे हे, म्हणजे कैलासवासी दिगंबरपंत, जकात नाक्यावर कारकून होते. 'सदर', 'उपरोक्त', 'मजकूर' हे शब्द ते घरात मिठासारखे वापरायचे. सदर आमटी अळणी आहे, म्हणायचे. तेव्हा मी हसायचे, आता मला ते शब्द कामाला आले आहेत. जिथे चुकीचे पडतील तिथे ह्यांना दोष द्यावा.

कलम पहिले. घराबाबत.

कऱ्हाडच्या दोन खोल्या आणि मागची मोरी, यात माझा जो हिस्सा आहे तो मी माझ्या नणंदेला, प्रतिमावन्संना देते. त्या तिथेच राहतात, त्यांनीच गळती काढली, त्यांनीच भाडेकरूशी भांडून त्याला घालवला. मी तिथे परत जाऊन काय करू? तिथे नेमबाजीला जागा नाही. प्रसन्नची याला हरकत नाही, मी विचारलं आहे. तो "हं" म्हणाला, आणि तो "हं" म्हणाला की हो असतं.

कलम दुसरे. ताटाबाबत.

हेही वन्संनाच द्यायचं आहे, पण यासाठी आधी वेल्डन कोण ते सांगावं लागेल.

वेल्डन म्हणजे आमच्या वस्तीमागच्या रस्त्यावर गाडीत भाजी घेऊन उभा राहणारा गोरा म्हातारा. प्लेनोच्या उत्तरेला त्याची जमीन आहे, गाई आहेत, एक मोठी शेड आहे, त्यात तो लोखंड जोडत बसतो. पहिली दोन वर्षं मी समजत होते की वेल्डिंग करतो म्हणून त्याला वेल्डन म्हणतात, जसं आपल्याकडे लोहार. मग पद्मिनीने सांगितलं की हे त्याचं बारशाचं नाव आहे. म्हणजे आईने पाळण्यातच ओळखलं म्हणायचं.

तो भेंडी विकायचा. भेंडी कसली, मुसळं. मी आपली एकेक उचलायची, टोक मोडून बघायची, मोडलं नाही की परत टाकायची. अर्धी टोपली तपासून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा टोपी मागे सारून बघतोय. पद्मिनी लाजेने गाडीत जाऊन बसली. वेल्डन काही रागावला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने बोटाएवढी कोवळी भेंडी वेगळी ठेवली होती, आणि एका भेंडीचं टोक स्वतः मोडून मला आवाज ऐकवला. तेव्हापासून आमची मैत्री. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी सारखंच कोणाला कळत नाही.

पुढे आम्ही त्याच्या शेतावर भाजी तोडायला जाऊ लागलो. तिथे तो छोट्या बंदुकीने रिकाम्या डब्यांवर नेम धरायचा. पद्मिनीला शिकायचं होतं, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला येत होतं. तिला तो शिकवू लागला आणि मी बाजूला बसून बघू लागले. किती दिवस नुसतं बघणार? एकदा मीच म्हटलं, मला दे. सुनेत्रा ओरडली नाही, तिने फक्त कॅमेरा काढला. धक्का फार नाही लागत, कोणी खांद्यावर हलकी थाप मारावी तसा लागतो. पहिल्याच दिवशी मी एक डबा पाडला आणि त्या आनंदात घरी येऊन सगळ्यांना पुरणपोळी केली, कारण घरात डाळ होती.

पण डब्याचं एक आहे. पडला की पडला, बोलत नाही. वेल्डन म्हणायचा खरी मजा पोलादावर, गोळी लागली की ते गातं. त्याच्याकडे पूर्वी होतं, ते कोणाला तरी देऊन बसला. मला म्हणाला, "यू फाइंड मी अ स्टील प्लेट, आय विल हँग इट."

आता आपल्याकडे स्टील म्हणजे काय आणि प्लेट म्हणजे काय? मी घरी गेले आणि स्टीलचं ताट काढलं. सदर ताट प्रतिमावन्संनी प्रसन्नच्या लग्नात आहेर दिलेलं. त्यावर नाव घातलेलं: चि. प्रसन्नच्या विवाहाप्रीत्यर्थ सौ. प्रतिमा जगन्नाथ गोळे यांजकडून. वन्सं ते देताना मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, जाड पत्र्याचं आहे हो, नातवंडं जेवतील यात. मी तेव्हाच बोटांनी दाबून बघितलं होतं. पण आपण मुलाची आई, मांडवात काय बोलणार? वीस वर्षं मी म्हणत आले की ते ताट पातळ आहे आणि वन्सं म्हणत आल्या की जाड आहे.

मी ते घासूनपुसून लख्ख करून रविवारी घेऊन गेले. वेल्डनने ते बघितलं, "थँक यू मॅम" म्हणाला आणि त्यात आपला सँडविच ठेवून खायला बसला. त्याला वाटलं मी भांडं भेट आणलं. पद्मिनीला हसू आवरेना. म्हणाली, "आजी, ही डझन्ट मीन अ जेवायची प्लेट. ही मीन्स अ प्लेट प्लेट." मग त्याला समजावलं, तोही हसला, पण मी आणलंच आहे म्हणून त्याने सँडविच संपवून ते ताट टांगलं. मीच गोळी मारली. आवाज काय आला, तर फट्. कागद फाटल्यासारखा. जाऊन बघतो तो आरपार भोक, आणि बरोबर 'प्रतिमा' या शब्दावर. मागचं 'गोळे' शाबूत.

तर सदर ताट, भोकासकट, माझ्या पश्चात प्रतिमावन्संना पाठवावं. चिठ्ठी घालू नये, त्यांना कळेल. आधी घराचा कागद पोचू द्यावा आणि मग ताट, म्हणजे त्या रडतील आणि नंतर हसतील. उलट झालं तर रागाने त्या घर घेणार नाहीत, मी ओळखते त्यांना.

कलम तिसरे. तव्याबाबत.

तवा कोणाला द्यायचा नाही. तवा वेल्डनच्या शेतात पुरलेला आहे आणि तिथेच राहू द्यावा. का ते लिहिते, कारण या घरात त्यावर कोणी बोलत नाही.

ताट फुकट गेल्यावर जाड काहीतरी हवं होतं. माझा पोळ्यांचा तवा कऱ्हाडच्या लोहाराने घडवलेला, एका हाताने उचलत नाही असा. सुनेत्राने नुकताच तो न चिकटणारा काळा तवा आणला होता आणि माझा तिच्या कपाटात जागा अडवून बसला होता. ती म्हणाली, "आई, हा न्या. याला एवढं चांगलं मरण दुसरीकडे कुठे मिळणार?" सुनेची जीभ अशी आहे. माझी आवडती आहे ती.

त्या रविवारी वेल्डन गाय विताना अडली म्हणून लांब गोठ्यात होता. आम्हीच तवा फांदीला टांगला. मी गोळी मारली आणि तवा बोलला.

टण्.

काय सांगू. आमच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, शाळा सुटली की शिपाई त्यावर हाणायचा. चौथीनंतर तो टोल माझ्यासाठी कधी पडलाच नव्हता. मी तिथल्या तिथे फुगडीची गिरकी घेतली, एकटीने. प्रसन्न तोवर नेहमी गाडीत पेपर वाचत बसायचा, तो हा आवाज ऐकून खाली उतरला. माझा मुलगा इंजिनिअर आहे, कॅल्क्युलेटरच्या आतल्या चिप करतो, बोलतो कमी. हसत म्हणाला, "आई, मला बघू." लहानपणी पतंग मागायचा तसा. मी दिली.

त्याने मारलेली गोळीही लागली. टण् झालं, आणि पद्मिनी "आउ" म्हणाली. ती त्याच्या शेजारी उभी होती. तिच्या चष्म्याच्या काचेचा टवका उडाला होता. गोळीचा शिशाचा तुकडा परत आला होता.

डोळ्याला काही झालं नाही. डॉक्टरने बघितलं, काही म्हणजे काही झालं नाही. पद्मिनी दुसऱ्या दिवशी विसरली. पण प्रसन्न नाही विसरला. त्याने ती काच कागदात गुंडाळून आपल्या खणात ठेवली, अजून आहे. घरी सांगितलं की मी आता बंदुकीला हात लावणार नाही. एवढंच. तुम्ही नका लावू असंही म्हणाला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं.

वेल्डन गोठ्यातून आला आणि त्याने तवा उलटसुलट करून बघितला. त्याने हाताच्या ओंजळीने दाखवलं काय झालं ते. आपला तवा खोलगट असतो ना, पोळी नीट बसावी म्हणून. आम्ही तो खोलगट बाजूने आमच्याकडे तोंड करून टांगला होता. ओंजळीत पाणी टाकलं तर ते जसं आपल्याच तोंडावर उडेल तसं. शिवाय लोखंड मऊ, त्यात खळगे पडलेले, आणि आम्ही उभे अगदी जवळ. चपातीला जे चांगलं ते गोळीला वाईट.

कलम चौथे. दागिन्यांबाबत.

पाटल्या सुनेत्राला. नथ पद्मिनीला, ती घालणार नाही पण ठेवेल. मंगळसूत्र ह्यांच्याबरोबर काढलं तेव्हाच मोडून त्याचं तिकीट काढून मी इथे आले, त्यामुळे ते शोधत बसू नये.

कलम पाचवे. नवरीबाबत.

हे मुख्य कलम आहे. प्रसन्नचं हे मी वेल्डनला सांगितलं, आणि पंधरवड्याने तो एका संध्याकाळी आमच्या दारात आला. हातात टोपी. प्रसन्नला म्हणाला, मला तुझी मदत पाहिजे, मला हिशोब येत नाही. खरं तर त्याला सगळं येतं, पण तो गोड माणूस आहे. त्याच्या शेडमध्ये जुन्या बुलडोझरच्या पात्याचा तुकडा पडला होता, रस्ते खणून खणून झिजलेला पण कडक, आणि मुख्य म्हणजे सपाट. तो कसा टांगायचा म्हणजे गोळीचे तुकडे कोणाकडेच परत येणार नाहीत, हे त्याला कागदावर काढून हवं होतं.

प्रसन्न "हं" म्हणाला.

मग रोज ऑफिसातून आल्यावर तो टेबलावर कागद पसरून बसायचा. फूटपट्टी, पेन्सिल, बाजूला चहा गार. सुनेत्राने एकदाही जेवायला चला म्हणून हाक मारली नाही, ताट तिथेच नेऊन ठेवायची. मी एकदा विचारलं, काय काढलंस रे? त्याने दाखवलं. पोलाद सरळ उभं टांगलं तर तुकडे सगळीकडे उडतात. वरची कड पुढे आणि खालची मागे असं ते जरा कलतं टांगलं, की त्याचा चेहरा जमिनीकडे होतो आणि तुकडे त्याच्याच पायाशी मातीत जातात. मी म्हटलं, म्हणजे नव्या नवरीसारखी मान खाली घालून. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो आई, अगदी तशी." बऱ्याच दिवसांनी हसला तो. तेव्हापासून तिचं नाव नवरी. वेल्डनसुद्धा "द नवरी" म्हणतो, आणि 'व' अगदी व्यवस्थित म्हणतो.

नवरीला टांगायला साखळी, म्हणजे गोळी लागली की ती मागे झुलते आणि मार अंगावर घेत नाही. साखळीचे बोल्ट मागच्या बाजूला लपवलेले, कारण पुढे डोकं काढलेल्या बोल्टला गोळी लागली तर कुठे जाईल ते देवही सांगणार नाही. पात्याचा तुकडा गॅसच्या ज्योतीने कापताना वेल्डन सारखं पाणी ओतत होता, पोलाद तापलं की कडा मऊ पडतात म्हणून. तरी त्या थोड्या पडल्याच, म्हणून कडेला नेम धरायचा नाही, पोटावर धरायचा. मागे मातीचा उंच बांध. तो बुलडोझरने रचला, आणि त्या दिवशी वेल्डनने मला शेजारी बसवून चालवू दिला, पण ते मृत्युपत्रात येत नाही.

नवरी तयार झाली. पद्मिनीने नेम धरला, टण् झालं, आणि सगळे तुकडे खाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रसन्न मात्र गाडीच्या मागे उभा होता, आमच्याकडे पाठ करून, हातात जादा चष्म्यांची पेटी धरून. आजतागायत दर रविवारी तो असाच उभा असतो. प्रत्येक टण्‌ला त्याचा खांदा उडतो. मी मागून बघते. स्वतः रचलेल्या गोष्टीवर माझ्या मुलाचा विश्वास नाही, आणि पद्मिनी पुढच्या वर्षी कॉलेजला लांब जाणार. मग त्या पोरीच्या आठवणीत बाप म्हणजे एक पाठ राहील.

म्हणून सदर नवरी, चौकट, साखळी आणि बांधाकडे जायची पायवाट धरून, मी प्रसन्नला देते. जागा वेल्डनची आहे, त्याने होकार दिला आहे. बंदूकही वेल्डनचीच आहे, त्यामुळे ती मला कोणाला देता येत नाही. इच्छा पुष्कळ होती.

कलम सहावे. नवरीकडे जाणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी.

ज्याच्या डोळ्यांवर मोठा चष्मा नाही त्याने दोरीच्या आत यायचं नाही, मग तो बघायला आलेला असो की भेंडी तोडायला. कानात बोळे. दोरी जिथे बांधली आहे तिथून पुढे कोणी उभं राहायचं नाही. वेल्डनने सांगितलेल्या गोळ्याच वापरायच्या, मोठ्या बंदुकीचे पाहुणे आले तर त्यांना चहा द्यावा आणि परत पाठवावं. दर वेळी आधी नवरीच्या चेहऱ्यावरून हात फिरवावा. खळगा लागला, भेग लागली किंवा ती वाकली असली, तर तिला लगेच सासरी पाठवावं, म्हणजे भंगारात, आणि दुसरी आणावी. तिथे माया करायची नाही. मी तव्यावर माया केली होती.

कलम सातवे. वाणाबाबत.

येत्या संक्रांतीला मी नसले तर माझं हळदीकुंकू सुनेत्राने करावं. वाण ठरलेलं आहे. नवरी कापल्यावर उरलेल्या पात्याच्या वेल्डनने वाटीएवढ्या चकत्या करून ठेवल्या आहेत. इथल्या मंडळातल्या बायकांना वाटतं, सरलाकाकू म्हणजे स्टीलची वाटी किंवा चमचा. त्यांना स्टीलच मिळेल. या चकत्या दारात टांगायच्या, लाकडी हातोडीने ठोकायच्या, पाहुणे आल्याचं कळतं. त्यांच्यावर गोळी मारायची नाही, हे प्रत्येकीला देताना सांगावं, त्यातल्या एक-दोघींचा भरवसा नाही.

आमच्या पलीकडच्या गल्लीतली सुलभा देवस्थळी ही माझी मैत्रीण आणि सदर मृत्युपत्राची साक्षीदार. तिने कुठेतरी ऐकलं आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हापासून ती साक्ष द्यावी की चकती घ्यावी या काळजीत होती. तिची चकती मी काल तिच्या हातात दिली आहे. हयातीत दिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत. ह्यांनी असंच केलं असतं.

कलम आठवे. वेल्डनबाबत.

तोही साक्षीदार, म्हणून त्याला काही नाही. भेंडी कोवळी कशी ओळखायची ते त्याला शिकवलं आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

कलम नववे. तेराव्याबाबत.

माझ्या तेराव्याला गोडाचं जेवण करावं, पण त्याआधी सगळ्यांनी शेतावर जावं आणि प्रसन्नने स्वतःच्या हाताने नवरीला एकदा बोलतं करावं. दुसऱ्या कोणी केलेलं चालणार नाही. तो टण् मी जिथे असेन तिथे मला ऐकू येईल आणि मग मी पुढे जाईन. तोपर्यंत मी इथेच घुटमळत राहीन आणि सुनेत्राच्या स्वयंपाकाला नावं ठेवीन.

वरील कलम नववे रद्द.

का रद्द, ते लिहिते. अजून शाई ओली आहे, म्हणजे शाई नाही, माझे धुतलेले हात ओले आहेत, पुसते थांबा.

आज खंडेनवमी. आपल्याकडे आज हत्यारांची आणि अवजारांची पूजा, तर आम्ही सगळे शेतावर जमलो. सह्यांनाही आजचाच मुहूर्त धरला होता. वेल्डनची शेड झाडली, वेल्डिंगच्या नळकांड्याला हळदकुंकू वाहिलं, रिकाम्या बंदुकीला वाहिलं, प्रसन्नच्या फूटपट्टीलाही वाहिलं. नवरीला झेंडूची माळ घातली. वेल्डनने टोपी काढून विचारलं की प्रार्थना त्याने म्हणायची की आम्ही, आणि मग दोघांनीही म्हटली.

सुलभा म्हणाली, न वाचता सही करणार नाही, तिचा एक काका अशाने फसला होता. म्हणून ती मोठ्याने वाचू लागली आणि पद्मिनी वेल्डनसाठी इंग्रजीत सांगू लागली. पद्मिनीचं मराठी अडखळतं, पण त्या दिवशी, म्हणजे आज, अडखळलं नाही. ताटाला सगळे हसले. तव्याच्या वेळी कोणी हललं नाही. प्रसन्न गाडीला टेकून पायाखालचं गवत बघत होता. नववं कलम आलं आणि पद्मिनी थांबली. वेल्डनला काहीच सांगितलं नाही तिने. वळून म्हणाली, "बाबा, धिस वन इज फॉर यू."

तो आला, सुलभाच्या हातातून कागद घेऊन वाचला. एकदा, परत एकदा. मग मला म्हणाला, "आई, तेराव्याला सगळं गाव असेल. त्यांच्यासमोर चुकलो तर?"

मी म्हटलं, "म्हणून म्हणते, आजच सराव कर."

तो गाडीकडे गेला. मग चष्म्यांची पेटी उघडली. एकेकाच्या डोळ्यांवर स्वतः चष्मा चढवला, सुनेत्राच्या, सुलभाच्या, वेल्डनच्यासुद्धा, आणि वेल्डन लहान मुलासारखा मान वर करून उभा राहिला. पद्मिनीचा चष्मा त्याने दोनदा बघितला. सगळ्यांना दोरीच्या मागे नेलं. नवरीपर्यंत जाऊन तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, झेंडूची माळ काढून बांधामागच्या खांबाला अडकवली, साखळी ओढून बघितली. परत आला आणि बंदूक घेतली.

पहिली गोळी मातीत. दुसरी पण मातीत. वेल्डन हळूच म्हणाला, श्वास सोड आणि मग. पद्मिनी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, दोरीच्या मागे पण त्याच्या अगदी शेजारी, त्या दिवशी होती त्याच बाजूला. तो तिला लांब हो म्हणेल असं मला वाटलं. पण तसं काही तो म्हणाला नाही.

टण्.

माझ्या डाव्या डोळ्याला दिसलं की नवरी मागे झुलली. उजव्याला काही दिसलं नाही, पण तो मंगळवारी दुरुस्त होणारच आहे. सुलभाने मला मिठी मारली, मी तिला फुगडीला ओढलं, आम्ही दोघी शेतात फिरलो आणि पडता पडता सुनेत्राने धरलं.

प्रसन्नने बंदूक रिकामी करून वेल्डनच्या हातात दिली आणि चालत नवरीजवळ गेला. तिच्या पायाशी उकिडवा बसून माती चाळत राहिला. परत आला तेव्हा तळहातावर शिशाचे चपटे तुकडे होते. त्याने ते पद्मिनीला दाखवले. म्हणाला, "बघ. सगळे खाली पडले. सगळेच्या सगळे खाली पडले." तेच तेच म्हणत राहिला, आणि ती "आय नो, बाबा, आय नो" म्हणत राहिली.

तरी तेराव्याला आता नुसतं जेवावं. भेंडी कोवळी घ्यावी. मी घुटमळणार नाही, पण सुनेत्राच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याचा हक्क हयातभर राखून ठेवते.

हे सर्व मी स्वखुशीने, वेल्डनच्या शेडमधल्या टेबलावर, हसत हसत लिहिलं आहे. ह्यांच्या कचेरीत सहीखाली लाखेचा शिक्का असायचा. माझ्याकडे लाख नाही, म्हणून प्रसन्नच्या हातातला एक चपटा तुकडा चिकटपट्टीने खाली लावला आहे. तो शिक्का समजावा.

सही: सरला दिगंबर पिंपळखरे

साक्षीदार:
१. सुलभा देवस्थळी (वाचून, समजून आणि फुगडी खेळून)
२. वेल्डन (त्याने आपली सही इंग्रजीत केली आहे आणि खाली मराठीत, पद्मिनीने काढून दाखवल्याप्रमाणे, 'नवरी' असं लिहिलं आहे)

स्थळ: वेल्डनचं शेत, प्लेनोच्या उत्तरेस, टेक्सास
दिनांक: खंडेनवमी, शके १९०९, गुरुवार, १ ऑक्टोबर १९८७

ता. क. शिक्का शिशाचा आहे. हात लावल्यास साबणाने धुवावेत. आईने धुतले आहेत, मी बघितलं. — प्रसन्न